अकरावं गाठोडं

अमरावती,
१८ डिसेंबर २००९

प्रिय शाकीब,

अस्सलाम अलैकुम. रुबीनाचा खोकला थांबला का? रय्यानला म्हणावं, गणिताच्या चाचणीचे गुण या फुफीला कळवायचे असतात, वाईट असले तरी.

इथे सगळं ठीक आहे असं लिहिणार होते. तसं नाही.

राजापेठेत छापखान्याच्या वर कुंदनची छोटी गॅलरी आहे, तिथे येत्या रविवारी माझं प्रदर्शन उघडायचं होतं. अब्बा गेले त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मी त्यांचं व्हिडिओ चित्रण केलं होतं. ते रुई पिंजताना भिंतीवरच्या पडद्यावर दिसतात आणि समोर जमिनीवर रुईचा खरा ढीग. त्यासाठी आपल्या गाद्यांच्या दुकानातून अकरा गाठोडी आणली. तुला म्हणाले, सगळी बेवारस आहेत, वर्षानुवर्षं कोणी फिरकलं नाही.

दहा बेवारस होती. जुन्या गाद्यांची मळकी, गोळे झालेली रुई. पडद्यापुढे ती राखेसारखी दिसायची. मला वर थोडी पांढरी हवी होती.

अकराव्या गाठोड्यावर चिठ्ठी शिवलेली होती. अब्बांचं अक्षर. ‘पार्बताबाई, दर्यापूर. लेक दीपमालाच्या लग्नाची गादी.’ मी ती वाचली, दोरा कात्रीने कापला आणि रुई ढिगात उधळली. चुकून झालं नाही, शाकीब. तू फोनवर सांगितलंस की पार्बताबाई दुकानात आली होती आणि तू तिला पुढच्या आठवड्याची तारीख दिलीस, तेव्हाही मी गप्प बसले.

बुधवारी दर्यापूरला गेले. पार्बताबाई अंगणात सोयाबीन पाखडत होती. तिच्या वावरात आता कापूस नसतो. ती रुई शेवटच्या पिकाची. मी सगळं सांगितलं. सूप खाली न ठेवता ती म्हणाली, “तुह्या बापानं कधी दोन घरची रुई एक होऊ देली नाई. अन् तू कालेजात जाऊन हे शिकली?”

“मी दुसरी चांगली भरून देते, मावशी.”

“दुसरी मले बाजारात भेटत नाई का? माही निवडून दे.”

चहा विचारला नाही. विचारला असता तर मला जड गेलं असतं.

कालपासून निवडते आहे. तिची रुई गावरान, आखूड धाग्याची; बोटांना कळते. दोन दिवसांत जेमतेम पायली भरेल एवढी निघाली. कुंदन म्हणाला, “ताई, लोकाईसमोरच निवडा ना! झकास दिसन. मले तं वाटते हेच खरं प्रदर्शन.” क्षणभर मलाही झकास वाटलं, हेही तुला सांगायला हवं. मग मी त्याला प्रदर्शन रद्द करायला सांगितलं. तो चिडला. “कापसावर काय नाव लिहेल असते का?” मी म्हटलं, “या कापसावर होतं.”

दार आतून लावून बसते. अब्बांचं चित्रणही बंद आहे.

तू पार्बताबाईला आता नवी तारीख देऊ नकोस. पंधरा जानेवारी मी दिली आहे. तोवर निघेल तेवढी रुई घेऊन येईन. कमी पडली तर कमी म्हणून सांगेन, त्यात मूठभरही दुसरी घालणार नाही. पिंजायचं मात्र तुलाच. माझा हात त्या रुईला लागू नये असं तुला वाटलं, तर मी बाहेर बाकावर बसेन.

उरलेलं निवडायला जाते.

तुझी आपा,
रईसा