खोका शेठचा, रिंग आमची

४ नोव्हेंबर, मंगळवार
प्रणाली आज अंबरनाथला कारखान्यात आली. हेंद्रेपाड्यात आमच्याच बिल्डिंगमधली मुलगी, घरबसल्या वेबसाइटी बनवते. चहा यायच्या आधीच प्रश्न: "ज्योतीताई, साइट बघणार कोण?" म्हटलं, गिऱ्हाईक. "कुठलं?" मी दादाकडे बघितलं, दादाने प्रेसकडे. आमचं गिऱ्हाईक एकच, उल्हासनगरचे लालशेठ. आम्ही कुकरच्या रबरी रिंगा काढायच्या, त्यांनी आपल्या नावाच्या खोक्यात घालून विकायच्या. आमचे वडील, आण्णा, होते तेव्हापासून असंच. दिवाळीनंतर शेठची ऑर्डर अर्ध्यावर आलीय. एक प्रेस थंड. दादा म्हणतो, येईल, येईल.
मला जांभूळ गावच्या मावशीचं बोलणं सोडत नाही. "रिंग घेशील तर ही घे गं, कंपनीची. लोकल नको." हातात शेठचा खोका. आत आमची रिंग. मी चहा प्यायले आणि निघाले.

७ नोव्हेंबर, शुक्र.
कारखान्याला सुट्टी. प्रणालीकडे बसले. मी हौसेने कागदावर काढून नेलं होतं: वर सुस्वागतम, मग सरकते फोटो, मग आमचा इतिहास. तिने सगळ्यावर काट मारली. "डाळ शिजत नाहीये, कुकरच्या कडेने वाफ जातेय, बाईचा एक हात ओला, दुसऱ्यात फोन. तिला तुमचा इतिहास पाहिजे की रिंग?" पहिल्या पानावर फक्त विचारायचं: कुकर किती लिटरचा, झाकण आतून बसतं की बाहेरून. बोट लावलं की रिंग समोर. फोन नंबर मोठ्ठा. भांड्यांच्या दुकानदारांना ठोक मालासाठी वेगळं बटण. बस.
इतकं साधं! घरी येऊन भाजी करपवली. डोक्यात पानंच पानं.

९ नोव्हेंबर, रवि.
दादाशी वाजलं.
"शेठने बघितलं तर?"
"बघू देत."
"आणि ऑर्डर बंद केली म्हणजे? कुसुमताईंना काय पगाराच्या दिवशी वेबसाइट दाखवणार?"
म्हटलं, आपण गप्प बसलोय तरी तो ऑर्डर कमीच करतोय ना. वहिनीने मधे पोह्यांच्या ताटल्या आणून ठेवल्या. कुणी हात लावला नाही.
दादाचं चुकत नाही, हाच त्रास आहे. माझंही चुकत नाही.

१२ नोव्हेंबर, बुध.
फोटो. प्रणालीचं म्हणणं, इंटरनेटवरचे गोरे गोरे हात नकोत, तुमच्याच माणसांचे हवेत. कुसुमताई रिंगेची फाजील कड कात्रीने कापत होत्या. "आज नको बाई, साडी बघा कसली. उद्या नीट नेसून येते." बोलताना कात्री काही थांबली नाही. शेवटी नुसते हात काढले. तोच फोटो सगळ्यात चांगला आला.
दादा माल न्यायला शेठचा टेम्पो आला का बघायला म्हणून बाहेर गेला आणि फोटो संपेपर्यंत आत आला नाही. टेम्पो आज यायचाच नव्हता.

१५ नोव्हेंबर, शनि.
'आमच्याविषयी'. चारच ओळी हव्यात, सकाळपासून बसलेय. प्रणाली म्हणते दुकानदार हे पान उघडतोच, माल कुणाच्या हातचा आहे ते त्याला बघायचं असतं. मी लिहिलं, 'गुणवत्ता हेच आमचे ध्येय'. तिने खोडलं. "हे सगळेच लिहितात."
मग खरं ते लिहिलं. आण्णा रबर कंपनीत होते, कंपनी बंद पडली, त्यांनी बुवापाड्यात घराला लागून पत्र्याखाली हातप्रेस लावला. पहिली ऑर्डर लालशेठनी दिली. हेही खरंच. पण लिहायचं का? ठेवलंय सध्या.
दादाला वाचून दाखवलं. एवढंच म्हणाला, "आण्णांचं नुसतं नाव टाक. आडनाव नको." का, ते मी विचारलं नाही. आडनावावरून लोक जात ओळखतात, बुवापाड्यात वाढलेल्या माणसाला हे विचारावं लागत नाही. आजवर माल दुसऱ्याच्या नावाने गेला, म्हणून हा प्रश्नच कधी आला नाही.
आडनाव टाकलं. प्रणालीला पाठवूनही दिलं.

१९ नोव्हेंबर, बुध.
लिंक आली. साइट अजून बाकी कुणाला दिसत नाही, फक्त आम्हाला. दादाच्या जुन्या फोनवर नुसतं चक्र फिरत राहिलं. प्रणाली म्हणाली फोटो हलके करते, गिऱ्हाईक एवढं थांबत नसतं. अखेर उघडली. दादा म्हणाला, "बरी आहे."
संध्याकाळी वहिनीचा फोन. "ज्योती, अगं हे मघापासून ते आण्णांचं पान वर-खाली करतायत. जेवायला उठत नाहीत."
आडनाव वाचलं असणारच.

२३ नोव्हेंबर, रवि.
ठरवलं. चोरून काही नको. शेठना आपणच जाऊन सांगायचं, मग साइट चालू. दादा म्हणाला, "तू जा. मला त्यांच्यासमोर जमणार नाही."

२४ नोव्हेंबर, सोम.
उल्हासनगरला जाऊन आले. शेठ गादीवर, त्यांचा मुलगा जतीन कॉम्प्युटरवर. "आओ अदी, बैठो." मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी अदी, म्हणजे ताईच म्हणतात. फोन पुढे केला. चष्मा लावून सावकाश वाचत गेले. आण्णांपाशी बोट थांबलं. पूर्ण नाव वाचलं, आडनावासकट, मोठ्याने. मग, "मैं तो ज़िंदगीभर मास्टर ही बोला उनको." पुढची ओळ वाचून, "पहला ऑर्डर मेरा था, वो भी लिखा है. अच्छा किया."
मला वाटलं, झालं.
तेवढ्यात जतीन, मान वर न करता: "पप्पा, ये खुद बेचेंगे तो हम इनसे क्यों लें? दुकानदार सीधा इनको फोन करेगा."
मी सांगितलं, तुमच्या छापाची एकही रिंग साइटवर नाही, सगळ्या आमच्या स्वतःच्या साच्यांतल्या. जतीन नुसता हसला. शेठ म्हणाले, "सोचके बताता हूँ, अदी." दारापर्यंत सोडायला आले. याआधी कधी आले नव्हते. याचा काय अर्थ लावायचा? नाही म्हणायचं असलं तरी माणूस दारापर्यंत येतो.
आणि नाव मोठ्याने का वाचलं?

२८ नोव्हेंबर, शुक्र.
शेठचा फोन नाही. या आठवड्यात टेम्पोही नाही. सुट्टी असून कारखान्यात गेले, कुलूप काढलं, जरा बसले, पुन्हा लावलं. काल कुसुमताई विचारत होत्या, "शनिवारी यायचं ना?" हो म्हटलं. कशाच्या जोरावर ते…
प्रणालीचा मेसेज: ताई, सगळं तयार आहे, फक्त तुम्ही सांगा. उत्तर टाइप केलं. खोडलं. परत टाइप केलं.
पाठवलं नाही.

१ डिसेंबर, सोम.
दादा आला तो थेट माझ्या टेबलाशी. "साइटवर तीन लिटरच्या आतल्या झाकणाला प्रणालीने बाहेरच्या झाकणाची रिंग लावून ठेवलीय. पहिलंच गिऱ्हाईक शिव्या घालेल." म्हटलं, मग सांग ना तिला. त्याने स्वतः फोन लावला, एकेक माप सांगितलं, मास्तर गणित शिकवतात त्या आवाजात. आणि शेवटी, "हे झालं की करून टाक चालू."
मी बघतच राहिले.
"बघतेस काय? थांबून तरी टेम्पो येतोय का?"
दुपारी साइट चालू झाली. मी सारखी उघडून बघत होते. जगात काही फरक पडला नाही. कुसुमताईंनी त्यांच्या हातांचा फोटो सगळ्यांना दाखवला, मग म्हणाल्या, बांगड्या तरी नव्या घालून आले असते.

४ डिसेंबर, गुरु.
आतापर्यंत एकच मेसेज. नागपूरकडच्या कुणी बाई. फाटक्या रिंगेचा फोटो, मापासाठी शेजारी रुपयाचं नाणं. 'सगळीकडे विचारलं. कुकर चांगला आहे, टाकवत नाही. तुमच्याकडे मिळेल का?'
दादाने फोटो मोठा करकरून बघितला. हे माप आपल्याकडे नाही. शेठकडेही नाही. एका रिंगेसाठी साचा करणं म्हणजे वेडेपणा, असं स्वतःच म्हणाला. मी लिहायला घेतलं, 'माफ करा, हे माप सध्या…'
"थांब. तिला सांग आतला व्यास मोजून पाठवा. स्टीलच्या पट्टीने, कापडी टेपने नको. आणि विचार, असे कुकर त्यांच्याकडे अजून कुणाकुणाकडे आहेत."
कागद-पेन्सिल घेऊन साच्याचं चित्र काढायला बसला.
दुपारी शेठचा मिस्ड कॉल होता, मशीनच्या आवाजात कळलंच नाही. परत लावला तर जतीनने उचलला. "पप्पा सो रहे हैं. शाम को करो." आवाजावरून काहीच कळलं नाही.
संध्याकाळ झाली. दादाला विचारलं, शेठना फोन लावू का?
"लाव." मग पेन्सिल न थांबवता, "थांब जरा. हे होऊ दे आधी."