चिंचेच्या पाण्यातला कार्बोरेटर

भंडारा,
२७ जानेवारी २००३

प्रिय रीताताई,

माहेरची ताजी बातमी ही, की बाबांनी स्कूटरचा कार्बोरेटर चिंचेच्या पाण्यात भिजवला. हसू नकोस, पुढे ऐक.

तू बाबांच्या मनाविरुद्ध लग्न करून तुमसरला गेलीस तेव्हापासून स्कूटर परसात पोत्याखाली पडून होती. अंकुशभाऊजींशिवाय दुसऱ्या कुणाला बाबांनी तिला हात लावू दिला नव्हता, आणि भाऊजींचं तर नावच घरात बंद. दोन वर्षं बाबा सायकलनेच दुकानात जातात. मागच्या रविवारी त्यांनी अचानक पोतं काढलं. आईने विचारलं तर म्हणाले, "गंजून राहिली ना!" आणि कार्बोरेटर खोलून बसले. वर तेलाची काळी खपली, खाली पांढरे डाग. तीस वर्षं पितळेची भांडी विकलेला माणूस! त्यांना चिंच आणि मीठ सोडून काय सुचणार? दोन तासांनी पाण्यातून काढला तो तव्यासारखा काळा. आई म्हणाली, "आता याचं वरण करू का?" बाबा जेवले नाहीत.

मी गुपचूप एसटीडीवर जाऊन भाऊजींच्या गॅरेजला फोन लावला. त्यांना शपथ घातली होती, म्हणून तुला बोलले नसतील. ते आधी पोटभर हसले, "हे पितळ नाही, आंबटाने काळंच पडणार" म्हणाले, मग सगळं नीट सांगितलं. भरपूर पाण्याने धुऊन वाळवायचा. रबराचे वायसर काढून ठेवायचे. मग रॉकेल आणि जुना टूथब्रश. झिरो नंबरचा पॉलिश पेपर रॉकेलमध्ये ओला करून हलक्या हाताने घासायचा, शेवटी मऊ फडक्याने पॉलिश. आतल्या जेटच्या, म्हणजे पेट्रोल येतं त्या बारीक नळीच्या, भोकात सुई घालायची नाही, सायकलच्या पंपाने हवा मारायची. मैत्रिणीच्या भावाने सांगितलं, असं मी बाबांना ठोकून दिलं.

रोज दुकानातून आले की बाबा ओसरीवर चष्मा नाकावर ओढून बसायचे. जेट हातात आला तेव्हा ओरडले, "अवं, याच्या पोटात तर पितळच आहे!" त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. काळं हळूहळू गेलं, खालून चांदीसारखा रंग निघाला. गुरुवारी सहज बोलल्यासारखं मला म्हणाले, "त्याले विचार, पुन्हा डाग पडू नये म्हणून काय लावू."

"कोणाले, बाबा?"

"ज्याले तू एसटीडीवर जाऊन विचारून राहिली, त्याले."

आई स्वयंपाकघरात पदराने डोळे पुसत होती.

काल कार्बोरेटर जोडला. आरशासारखा चमकतो, पण स्कूटर काही सुरू होत नाही. बाबांनी वीस किका मारल्या आणि पायरीवर बसले. मग म्हणाले, "घासणं माझं काम, सुरू करणं त्याचं. त्याले म्हणा, येऊन पाहून जाय." आईने भीतभीत विचारलं, "आन् रीता?" तर म्हणाले, "तिले सोडून तो येईन काय?"

मी फोन करायला निघाले तर त्यांनी थांबवलं. असं बोलावणं फोनवर करत नाहीत म्हणे, पत्र लिही. म्हणून हे पत्र. येत्या रविवारी दोघंही या. आणि लिफाफा फाडून फेकला असशील तर आधी उचल. पत्ता त्यांनी मला लिहू दिला नाही. 'सौ. रीता अंकुश लांजेवार' हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय.

तुझीच,
हर्षा