न तपासलेलं वजन

वरवट बकाल
शनिवार, ४ जानेवारी २०१४

प्रिय मयुरी,

मंगळवार, १२ जून २०१२, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. माझा अपमान झाला तो या वेळेला. घड्याळ डॉक्टरच्या डोक्यामागे भिंतीवरच होतं, म्हणून मिनिटांसकट सांगते आहे. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर म्हणायच्या, तक्रार करायची तर तारीख, वेळ आणि साक्षीदार लिहून करावी, आणि उत्तरही लेखीच मागावं. नाहीतर ती तक्रार नव्हे, कुरकुर. साक्षीदार अकरा होते, बाकावर नंबर लावून बसलेले. मी नसीमा बाई, सातवीत तुझी वर्गशिक्षिका होते ती. आठ वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट फाडून टाकलं नसशील, तर पुढे वाच.

निवृत्त झाले तेव्हा माझं वजन अठ्ठावन्न किलो होतं. दोन वर्षांत ते चौऱ्याहत्तर झालं. जेवण तेच होतं, उलट कमीच झालं होतं. शहरातल्या त्या खाजगी दवाखान्यात मी एवढंच विचारायला गेले होते की हे सोळा किलो आले कुठून. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं ते माझ्या चपलांपासून पदरापर्यंत, एकदाच. नाडी नाही, रक्त नाही, प्रश्न नाही. दार उघडंच होतं. म्हणाला, "मॅडम, पेन्शन लागली की अंग सुटतंच. तोंडाला जरा कुलूप लावा." बाकावरचे हसले. ज्या बाईने गटशिक्षणाधिकाऱ्याला त्याच्याच परिपत्रकातल्या चुका लाल शाईने काढून दाखवल्या होत्या, ती पर्स उचलून खाली मान घालून बाहेर आली. मला राग कशाचा आला सांगू? हसण्याचा नाही. मी स्वतःच त्याचं खरं मानलं, याचा.

घरी येऊन कुलूप लावलं. दिवसाला एक भाकरी, बिनसाखरेचा चहा, पहाटे संग्रामपूरच्या रस्त्याने दोन मैल चालणं. वजन एकोणऐंशी झालं. ऑक्टोबरच्या उन्हातही मी स्वेटर घालून बसायची. पायऱ्या चढताना कठड्याला लटकायची. आवाज असा घोगरा झाला की फोनवर लोक मला माझा भाऊ नजीर समजून ट्रॅक्टरचं भाडं विचारायचे. नजीरची बायको यास्मीन मनाने चांगली आहे, पण जीभ माझ्यासारखीच. ती ताट वाढताना म्हणायची, "आपा, बिर्याणी आम्ही खातो आणि अंगाला तुमच्या लागते. अशी बरकत आमच्या शेताला का नाही लागत?" मीही हसायची. खोलीत जाऊन मग आरशासमोर उभी राहायची आणि स्वतःला शिक्षा झालेल्या पोरीसारखं विचारायची, काय खाल्लंस, कुठे लपवून खाल्लंस, खरं सांग.

रक्त तपासलं ते मार्च २०१३ मध्ये, तेही चक्कर येऊन पडले म्हणून. आकडा साडेअठरा आला. साडेचारच्या आत हवा होता म्हणे. "थायरॉईड आहे," एवढंच सांगून दुसऱ्याच एका डॉक्टरने गोळीची चिठ्ठी दिली. म्हणजे काय, ते कुणी सांगेना. औषधाच्या दुकानात म्हणाले थायरॉईड वाढलाय. शेजारची म्हणाली कमी झालाय, तिच्या नणंदेलाही कमी झाला होता. कागदावर एक आकडा वर, दुसरा जागच्या जागी. चाळीस वर्षं दुसऱ्यांना कागद वाचून दाखवणारी मी, स्वतःचा एक कागद मला वाचता येईना. कोबी बंद करा, मीठ बदला, गळ्यात हे घाला, ते घाला. सगळ्यांना सगळं माहीत होतं, मला सोडून.

त्यात रमजान आला. गोळी सकाळी घ्यायची हे ठाऊक होतं, पण ती रिकाम्या पोटी घ्यायची आणि नंतर काही वेळ दूध-चहासुद्धा नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एरवी मी उठल्याबरोबर घेत होते, ते नशीब. रोज्यात मात्र पहाटेच्या सहरीला पोटभर जेवून, वर पेलाभर दूध पिऊन, त्यावर गोळी. महिनाभर, अगदी इमानाने. ऑगस्टमध्ये आकडा बावीस. चिठ्ठीवाल्याने विचारलं नाही की बाई, गोळी कशी घेता. त्याने गोळी दुप्पट केली. रोजे संपलेले, मी पुन्हा रिकाम्या पोटी सुरू झालेली. दिवाळीपर्यंत छातीत धडधड, हात असे थरथरायचे की पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यावरची सही बँकेने नाकारली. मी हयात होते, माझी सही नव्हती. आकडा आता शून्याजवळ गेला होता आणि शेजारीण म्हणत होती, आपा, कमी झाला, पेढे वाटा.

शेवटी डिसेंबरात संग्रामपूरच्या सरकारी दवाखान्यात एक नवी डॉक्टर भेटली. सफा नाव, असेल सत्तावीस-अठ्ठावीसची. तिने मला स्टुलावर बसवलं, गळा हाताने चाचपला, आणि माझ्या भाषेत समजावलं. ती म्हणाली, "मॅडम, गळ्यातली ग्रंथी म्हणजे तुमचा वर्ग. मेंदूकडून तिला हुकूम येतो. वर्ग काम करत नसला की हेडमास्तर ओरडतो. हा जो आकडा आहे ना, तो हेडमास्तरच्या ओरडण्याचा आहे. आकडा जितका मोठा, तितका वर्ग आळशी. आता शून्याजवळ आहे, म्हणजे गोळी जास्त होतेय." एवढं साधं होतं. नऊ महिने मी ओरडण्यालाच आजार समजत होते. मग तिने गोळी पुन्हा निम्मी केली, ती कशी घ्यायची ते सांगितलं, आणि कागद पुढे घेऊन गोळ्यांच्या आधीचं विचारायला सुरुवात केली. उन्हातही थंडी वाजायची? आवाज बसला होता? सकाळी पापण्या सुजायच्या? भुवयांची बाहेरची टोकं झडली? हात-पाय जड, काम हळू? खाणं कमी आणि अंग वाढत होतं?

मयुरी, मी तिच्या प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत होते. ही यादी मी आधी ऐकली होती. माझ्याच तोंडून.

गुरुवार, २६ जानेवारी २००६, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. झेंडावंदन झालं होतं, शाळेच्या पटांगणातच ग्रामसभा भरली होती. घड्याळ शाळेचं, किल्ली मीच द्यायची.

त्या वर्षी काय झालं होतं ते तुला सांगायला नको. सगळ्यांनी बीटी कपाशीचं बियाणं घातलं होतं. पाऊस मधेच गेला, बोंडं धरायच्या वेळेला पानं लाल पडली आणि वाळली. तुझे वडील निवृत्ती तीन एकर कोरडवाहू तसंच सोडून सुरतेला गेले ते परतले नाहीत. गावात माणसं वाळत होती. पोरं मधल्या सुट्टीत खिचडी घरी नेण्यासाठी रुमालात बांधायची आणि मी पाहून न पाहिल्यासारखं करायची. त्यातच अंत्योदयच्या पिवळ्या कार्डाची यादी आली, घरामागे महिन्याला पस्तीस किलो धान्य. नावं थोडी, घरं फार. रेशनच्या दक्षता समितीत एक शिकलेली बाई हवी म्हणून मी होते. खोटं सांगत नाही, मी त्या यादीतून पाच लबाडांची नावं आधीच उडवली होती. एकाच्या दारात मोटरसायकल होती, दुसऱ्याचा जावई ग्रामसेवक. लोक म्हणायचे, नसीमा बाईंच्या नजरेतून खोटा गरीब सुटत नाही. मला ते फार आवडायचं.

सरपंच गुलाबरावांनी तुझ्या आईचं नाव वाचलं. जनकाबाई. ती बायकांच्या रांगेत शेवटी बसली होती, जानेवारीचं ऊन चटचटत असताना अंगावर घोंगडी. कुणीतरी हसलं. मी उठले आणि माझ्या स्वच्छ, शिकलेल्या मराठीत म्हणाले, "सगळं गाव वाळतंय आणि ही बाई सहा महिन्यांत दुप्पट झाली आहे. तोंड सुजलेलं, आवाज जड, वेचणीला गेली तर दिवसाला दहा किलो कापूस निघत नाही, इतकी सुस्त. जिच्या घरात दाणा नाही, ती बाई अशी दिसते का? हिच्या घरात धान्य कुठे आहे ते आधी शोधा." चारशे माणसं होती. गुलाबरावांनी नावावर रेघ मारली. तुझ्या आईने मान वर केली नाही. तू झेंड्याच्या खांबाशी उभी होतीस, पांढऱ्या रिबिनी बांधून, हातात कवायतीसाठी मी दिलेली माझीच शिट्टी. ती तू माझ्या टेबलावर ठेवलीस आणि पुन्हा माझ्या वर्गात आली नाहीस. तुझ्या आईच्या जागी जे नाव चढलं, ते घरही गरीबच होतं, म्हणून मी आठ वर्षं निर्धास्त झोपले.

त्या डॉक्टरने माझ्यावर जे केलं, ते मी तुझ्या आईवर सहा वर्षं आधी केलं होतं. त्याने अकरा माणसांत केलं. त्याने निदान माझं धान्य तोडलं नाही. त्याला मी पोचपावतीने पत्र पाठवलंय, पंधरा दिवसांत लेखी माफी मागा म्हणून. पावती आली, उत्तर आलं नाही. आता त्याची मला फिकीर राहिलेली नाही.

मागच्या आठवड्यात मी धाड गावाला जाऊन आले. तुझी आई तिथे भावाकडे राहते हे जुन्या शेजाऱ्यांकडून कळलं होतं. बाजाराचा दिवस होता. रस्त्याकडेला गोणपाटावर मेथीच्या जुड्या मांडून ती बसली होती, भर दुपारी शाल गुंडाळून. भुवया अर्ध्याच. मी शंभर वाक्यं पाठ करून गेले होते. तिनेच आधी ओळखलं. म्हणाली, "अवं बाई, तुम्ही त माह्यासारख्याच झाल्या की वो. काय खाऊन राह्यल्या?" आणि हसली. त्या हसण्यात काही नव्हतं गं, टोमणासुद्धा नाही. मला बसायला अर्धं गोणपाट दिलं, चहा सांगितला. मी म्हटलं, जनकाबाई, तुम्ही कधी रक्त तपासलंत का? हा आजार असतो. त्यावर ती म्हणाली, "मले काही बिमारी नाही, बाई. मयुरी बी म्हणते दवाखान्यात चाल म्हणून. मीच नाही जात. माह्यं खाणंच जास्त हाय. तुम्हीच त सांगतलं होतं ना सभेत. तवापासून रातचं जेवण सोडलं मी. तरी अंग उतरत नाही, काय करावं." तिचा डबा बाजूला उघडा होता. अर्धी भाकर आणि ठेचा. माझ्या शिक्षेतल्या भाकरीचीही निम्मी, आणि तीही आठ वर्षं.

पाठ केलेली शंभर वाक्यं मी तशीच परत आणली. तुझा होस्टेलचा पत्ता मागितला, चहा संपवला, आणि दोन जुड्या मेथी घेऊन एस.टी.त बसले. पैसे तिने घेतले नाहीत.

म्हणून हे पत्र तुला. तू नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, वरची यादी तुला माझ्याहून चांगली कळेल. तुझी आई तुझ्याबरोबर दवाखान्यात येत नाही, कारण तिला वाटतं बाई खोटं सांगणार नाहीत. तिला हे पत्र वाचून दाखव. तिला सांग, बाई चुकीचं बोलल्या, आणि हे बाईंनीच सहीनिशी लिहून दिलंय. सही आता थरथरत नाही. मग तिला घेऊन जा आणि रक्त तपास. कदाचित तो आजार नसेलही, माझा अंदाज याआधीही चुकलेला आहे. तपासणीत जे निघेल ते निघेल, पण या वेळी तपासून निघू दे. आणि मला तुझ्याकडून दोन गोष्टी लेखी हव्यात. एक, आकडा किती आला. दुसरी अशी: येत्या २६ जानेवारीला, रविवारी, झेंडावंदनानंतर मी त्याच पटांगणात उभी राहणार आहे आणि त्या दिवशी मी काय केलं ते माणसं मोजून सांगणार आहे. माझा आजार मी सांगेन, तो माझा आहे. पण तुझ्या आईचं नाव आणि तिच्या अंगाची गोष्ट घ्यायची की नाही, हे तिने सांगायचं. एकदा तिला न विचारता चारशे माणसांत बोलले, दुसऱ्यांदा बोलणार नाही. होकार असो की नकार, तिचा अंगठा आणि खाली तुझी सही, शनिवार २५ जानेवारीच्या टपालापर्यंत माझ्या हातात पडली पाहिजे. पोस्टमन दुपारी दोनला येतो, मी ओट्यावर बसलेली असेन. माफीबद्दल एक ओळही लिहू नकोस. ती मी मागितलेली नाही.

तुझी शिट्टी अजून सांभाळून ठेवणारी,
तुझीच,
नसीमा बाई