येते की जाते

१२ जानेवारी, भोर
पेपरच्या पुरवणीचा फोन. इंग्लंडचे प्रेमविनोदी सिनेमे अमेरिकेत एवढे का आवडतात, यावर लेख. शुक्रवारपर्यंत. हो म्हटलं; अमेरिकन प्रेक्षक घरातच आहे. सूनबाईला विचारायला गेले तर ग्रेस म्हणाली, "आई, मी रविवारी जाते."
मला वाटलं, पुण्याला. "जाते म्हणू नये गं, येते म्हणावं."
"नाही. जाते."
माहेरी, बोस्टनला. परतीचं तिकीट काढलेलं नाही. लेकाला, अभिला, ठाऊक आहे. तो अंगणात गाडी पुसत होता.

१३ जानेवारी
लॅपटॉपवर एक सिनेमा दोघींनी पाहिला. लंडनचा नायक, दर वाक्याला सॉरी. ग्रेस विनोद यायच्या आधीच हसते. तिच्याकडच्या थिएटरात तो त-त-प-प करायला लागला की बायका उसासे टाकायच्या म्हणे. "आमची मुलं सगळं बोलून टाकतात. हा बोलत नाही, म्हणजे आत काहीतरी मोठं असणार, असं वाटतं."
"असतं का?"
"सिनेमात असतं. शेवटी तो धावत येतो आणि बोलतो." मग, पडद्याकडे बघतच, "अभि पण बोलेल असं वाटलं होतं."
टिपणं अर्धवट राहिली. अभिचे बाबाही असेच होते. मी वाट बघायची सोडली आणि त्याला संसार म्हटलं.

१४ जानेवारी, संक्रांत
मार्गासनीहून थोरल्या जाऊबाई आल्या. त्यांना कळलं. "त्यो बोलत न्हाई म्हून चाल्ली व्हय? मग आमी समद्यांनी कवाच पळाया पायजे व्हतं."
ग्रेसनं विचारलं, "मग का नाही गेलात?"
"येष्टी येळंवर कुठं येती?"
खूप हसलो.
संध्याकाळी अभिनं ग्रेसच्या हातावर तिळगूळ ठेवला. म्हणाला, "घे." पुढचं 'गोड बोला' त्यानं गिळलं.

१६ जानेवारी
लेख गेला. लिहिलं की अमेरिकन प्रेक्षकाला हा अबोला गोड वाटतो, कारण सिनेमा संपायच्या आत तो सुटणार याची त्याला खात्री असते. इंग्लंडच्या बाईला तो रोज घरी वाढून मिळतो. उपसंपादकाचा निरोप आला: छान, शेवट जरा हलका करता येईल? बघते म्हटलं.
अभिला एकटा गाठला. "अरे, थांब म्हण तिला."
"तिला कळतं सगळं, आई."
"न बोलता?"
"तुला नाही का बाबांचं कळायचं?"
हो म्हणून बसले. का म्हणाले कुणास ठाऊक. इतकी वर्षं शब्दांवर पोट भरलं, आणि हवा तेव्हा एक...

१७ जानेवारी
शेवट बदलला नाही. ग्रेसची बॅग भरून दारात. जाऊबाईंनी दिलेले तांदूळ तिनं आत ठेवलेत.

१८ जानेवारी
कापूरहोळला तिची विमानतळाची टॅक्सी येणार होती. तिथवर अभिच्या गाडीतून तिघं गेलो. सिनेमात नायक धावतो तो इथंच कुठंतरी. अभिनं बॅग चढवली. टॅक्सीचं दार नीट लागतंय का, ते दोनदा बघितलं. ग्रेस त्याच्याकडे बघत उभी. मग वाकून माझ्या पाया पडली.
"येते," म्हणाली.
अभि म्हणाला, "ये."
टॅक्सी हायवेला लागली. आम्ही गाडीत बसलो. अभिनं किल्ली लावली, पण गाडी सुरू करेना.
"आई, येते म्हणाली ना ती?"
"मीच शिकवलंय ते. मनात काय आहे ते तिलाच विचार." थांबले. मग सांगितलं, "मला तुझ्या बाबांचं कधीच कळलं नाही, अभि. परवा खोटं बोलले."
त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मोबाईल काढला, हातात धरून बसला. मी उतरले आणि रस्त्यापलीकडच्या ढाब्यावर दोन चहा सांगितले. ट्रक मध्ये येत होते. त्याचे ओठ हलतायत का, ते तिथून दिसेना.