चहाले कोणी हात लावला नाही

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बंद खाणीचा काळा ढीग उचलणारी माणसं आज माह्या अंगणातली मातीबी खरडून घेऊन गेली. उन्हात दमली होती, म्हणून चहा केला. कोणी हात लावला नाही. "आजी, ढिगातलं जहर तुमच्या विहिरीत उतरलं. तुम्हीबी पिऊ नका." मंग मी काय बाटलीतलं पाणी पिऊन म्हातारी झाली?

माह्या सासूच्या हातचं पाणी लोक जातीपायी पीत नव्हते. आता जात कोणी विचारत नाही, तं पाणीच नासलं. चहा मीच प्याली, सगळा.

मनीषनगरातून पोराचा फोन आला. म्हणे, "माय, सफाई झाली की पोरीले घेऊन येतो." ढीग तं अजून अर्धाबी गेला नाही. म्हटलं, "पाणी तुह्या घरून आण गा, पण ये."