चौदा फुटी काठीबद्दल दाजींना

शुक्रवार पेठ, सोलापूर
सोमवार, ता. ९ जुलै १९३४

तीर्थस्वरूप दाजींच्या पायांशी वच्छलेचा नमस्कार.

मंगळवार, ता. ३ जुलै रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आपण पाठवलेल्या काठीचा शेंडा गल्लीपलीकडच्या चन्नप्पा विणकराच्या माजघरात होता आणि बुडखा माझ्या स्वयंपाकघरात, चुलीपासून हातभर अंतरावर. मधली गल्ली तेवढा वेळ बंद होती. एक पाणीवाली, दोन म्हशी आणि एक मयत खोळंबले होते. (मयताची मंडळी सर्वांत समजूतदार निघाली.) या प्रकाराची जबाबदारी आपली आहे एवढे प्रथम लेखी नोंदवून ठेवते आणि मग रीतीप्रमाणे आपली प्रकृती विचारते.

गुडघा कसा आहे? अक्काचा खोकला गेला का, की ती अजून शेजारणीच्या काढ्यावरच भरवसा ठेवून आहे? तिने धाडलेले पोह्याचे पापड अखंड पोचले, कारण ते आपण बांधले नव्हते. दाजी, मी आपली अत्यंत ऋणी आहे. हे वाक्य सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण पुढे त्याला जागा मिळेल असे वाटत नाही.

अक्काला सगळे ठाऊक आहे, पण आपण माझी पत्रे तिरकी वाचता, म्हणून मुळापासून सांगते. पुण्याच्या कॉन्व्हेंटात आम्हा मुलींना भरतकाम, पियानो आणि फ्रेंच शिकवीत. सिस्टर बर्नाडेट आयर्लंडातल्या एका नदीकाठच्या होत्या. त्यांनी मला चौथी विद्या दिली. कोंबड्याच्या पिसांची खोटी माशी करून गळाला बांधायची आणि काठीच्या झोक्याने ती पाण्यावर अलगद उतरवायची. कोपर अंगाशी राहावे म्हणून काखेत प्रार्थनेचे पुस्तक धरायला लावीत; पुस्तक पडले की उघडेल ते पान पाठ करायचे. मला बरीच पाने पाठ आहेत. मायदेशी परतताना त्यांनी आपली काठी मला दिली. ओढ्यातल्या वीतभर माशांसाठी केलेली ती नाजूक वस्तू होती, पण तिच्यावर माझ्या सगळ्या सुट्ट्या निघाल्या, आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर मंगळवार-शुक्रवार ती घेऊन मी हिप्परग्याच्या तलावावर जाते. इतर पाच दिवस मी घड्याळाकडे बघून उठते. या दोन दिवशी अंधारातच आपोआप जाग येते.

पण आषाढातला हिप्परग्याचा वारा आपण पाहिलेला नाही. पश्चिमेकडून मैलभर उघड्या पाण्यावरून येतो, वाटेत झाड म्हणून नाही, आणि पुढे टाकलेली माशी टाकणाऱ्याच्याच कानाला आणून देतो. (माझ्या डाव्या कानाच्या पाळीला दुसरे भोक आहे, ते सोनाराने पाडलेले नाही.) त्यात तिथले मासे आयर्लंडचे नव्हेत. मेअखेरीस एका शिवड्याने सिस्टरांची काठी मधोमध मोडली. शिवडा म्हणजे रुंद जबड्याचा, मिशाळ, बिनखवल्यांचा मासा. आपल्या थोरल्या बंधूंना ज्यांनी जेवताना पाहिले आहे त्यांना अधिक वर्णन नको.

याच सुमारास तलावाच्या बंगल्यावर नवे साहेब आले होते, आणि काठी मोडली ती त्यांच्या डोळ्यांदेखत. वय तिशीच्या आत, मिशी अजून विचाराधीन. त्यांचे म्हणणे असे की, एकटी, वयस्क बाई बांधाच्या दगडांवर उभी राहून मोठे मासे धरू लागली तर एक दिवस मासाच तिला धरून नेईल, आणि मग कागदपत्रे त्यांना करावी लागतील. माझा मासेमारीचा पास एकतीस जुलैला संपतो. पुढचा द्यायचा की नाही ते तोवर बघू, म्हणाले. तेव्हा मला दांडगी काठी हवी होती ती हौसेसाठी नव्हे. काठी हातात मोडताना त्यांना पुन्हा दिसली असती, तर पास गेलाच होता.

म्हणून मी आपल्याला चार पाने लिहिली. माशीला स्वतःचे वजन नसते, फेकली जाते ती दोरी, माशी नुसती मागून जाते. वारा कापायचा तर दोरी जड हवी, जड दोरी पेलायची तर काठीला कणा हवा. बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या चिकटवून केलेली, एका हाताने फिरवायची, साडेनऊ फूट, फार तर दहा. मुठीशी जाड, शेंड्याला उगाच लवलव नको. नावाजलेल्या कारखान्याची नसली तरी चालेल, मुठीवरचे बूच झिजलेले असले तरी चालेल, माझ्या पेन्शनीला झेपली म्हणजे झाले. यात न समजण्यासारखे काय होते?

आणि आपण गेलातही. गुडघा धरून फोर्टातल्या दुकानात तीनदा गेलात हे अक्काने कळवले, ते वाचून मला गहिवरून आले. दुकानदाराने नेमकी तशीच काठी पुढे ठेवली हेही तिनेच कळवले. पण आपण ती घेतली नाहीत. विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाच्या सामानाच्या लिलावात आपल्याला तिच्याहून स्वस्त आणि तिच्यापेक्षा साडेचार फूट जास्त लांब अशी दोन हातांनी पेलायची काठी मिळाली, आणि आपल्याच्याने राहवेना. आपल्या घरातले प्रत्येक मूल शाळेच्या पहिल्या दिवशी कोपराखाली लोंबणाऱ्या बाह्यांचा सदरा घालून गेले आहे, कारण कापड घेताना आपण वाढत्या अंगाचा विचार करता. पार्सलात आपली चिठ्ठी होती की, जरा मोठी वाटेल, पण असू दे. दाजी, मला एकसष्टावे चालू आहे. मी कुठल्या दिशेने वाढेन अशी आपली अपेक्षा आहे?

काठी तीन तुकड्यांत आली. पितळी सांधे एकमेकांत बसवून पाहावे म्हणून मी स्वयंपाकघरात बसले, आणि प्रत्येक तुकड्यासरशी खिडकीतून बाहेर सरकवत गेले. तिसरा बसला तेव्हा चन्नप्पाच्या घरातून किंकाळी आली. सांधे उलट काढायला गेले तर निघेनात. चन्नप्पाने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने ओढले, तेव्हा ती सगळी चौदा फुटी काठीच माझ्याकडे आली, पाठोपाठ खिडकीच्या चौकटीपर्यंत चन्नप्पा. सांधे आजही निघालेले नाहीत. काठी सध्या जिन्यात उभी असते आणि तिचा शेंडा गच्चीवर हवा खातो.

आता दोरीचे. साहेबाने काठीबरोबर विकलेली रेशमी दोरी चांगली जाड होती, पण तिच्यावरचे तेल वाळून गेले होते. उन्ह-वारा लागावा म्हणून मी ती गल्लीवर या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत फेरे घालून टांगली आणि तेल आणायला पेठेत गेले. तेवढ्यात चन्नप्पाच्या राजाबाईने ती पाहिली. राजाबाई चांगली बाई आहे. शेजारणीचे काम अर्धे राहिलेले तिला बघवत नाही. विणकराच्या घरात ताणलेल्या कोरड्या सुताचे एकच करतात. मी परतले तेव्हा ती आणि तिची जाऊ दोन्ही खिडक्यांतून दोरीला ज्वारीची खळ पाजून कुंच्याने हात फिरवीत होत्या, आणि फेऱ्यांचा शेवट जवळ आला होता.

“बाई, सूत लई कोरडं हाय तुमचं,” ती म्हणाली. “खळ न्हाय पाजली तर मागावर पयल्याच धोट्याला तुटंल की.”

मी तिला सांगितले की मला लुगडे विणायचे नाही. ती म्हणाली, मग एवढा लांब बांबू कशाला आणला. दोरी वाळली तेव्हा तिची कुरडई झाली होती. मी तिचे आभार मानले. (सिस्टरांनी आम्हाला हेही शिकवले होते, आणि त्यासाठी पुस्तक लागत नसे.) दुसरी दोरी आणायला ना वेळ होता ना ऐपत, म्हणून शुक्रवारी पहाटे तीच गुंडाळून, म्हणजे मोडून मोडून फिरकीवर बसवून, मी निघाले.

आमच्या टांगेवाल्या बिरप्पाने काठी आडवी घ्यायला साफ नकार दिला. आडवी घेतली तर दोन्ही बाजूंची भिताडं पडतील, म्हणाला. मग मी मागच्या बाजूला बसून ती उभी धरली. भर पावसाळ्यात पेठेतून अशी उंच काठी उभी चाललेली पाहून लोकांना काय वाटायचे ते वाटलेच. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत बाशिंग बांधलेल्या पूजेच्या काठ्या, नंदीध्वज, निघतात त्यांची उंची हिच्याहून कितीतरी जास्त, पण सोलापुरात उभी काठी दिसली की हात आपोआप जोडले जातात. दोघांनी पायताणे काढली. एका म्हातारीने टांगा थांबवून काठीला हळद-कुंकू लावले आणि बाशिंग कसे नाही बांधले म्हणून मलाच रागावली. मी खाली मान घालून ऐकून घेतले. मासे मारायला चालले आहे हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. माझे धैर्य कमी पडल्याचा हा प्रसंग अक्काला सांगू नये.

तलावावर वारा असा होता की बिरप्पाच्या घोड्याने त्याच्याकडे पाठ केली. मी बांधाच्या दगडांवर उभी राहिले, दोन्ही हातांनी काठी धरली आणि झोका दिला. दाजी, इथे मला प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. ती दोरी खळीने ताठ झाली होती, आणि वाऱ्याच्या तोंडावर बाणासारखी गेली. एवढी लांब फेक माझ्या हातून जन्मात झाली नव्हती. आपली काठी मागे घेताना खांदे उतरवते, पण पुढे टाकताना एखाद्या दणकट माणसाने पाठीशी उभे राहावे तशी वाटते. मी तिथल्या तिथे आपल्याला चार बरे शब्द बोलले. बिरप्पा साक्षीला आहे.

मग खळ पाण्यात सुटू लागली. पाण्यावर पांढरी पेज पसरली, आणि ती खायला लहान मासे असे जमले की पाणी उकळते आहे असे वाटावे. आणि लहान मासे खायला तो आला. माझ्या खोट्या माशीसाठी तो आला असे मी सिस्टर बर्नाडेटांना कळवणार आहे, पण आपण आप्त आहात. (राजाबाईला यातले एक अक्षर सांगू नका. ते लिंगायत, तिच्या ज्वारीने एका जिवाचा घात झाला हे कळले तर ती उपास धरील आणि मला तिच्याकडे भाकरी मिळणार नाही.)

शिवड्याने ओढले तेव्हा काठी कमानीसारखी वाकली पण कुरकुरली नाही. सिस्टरांची काठी असती तर तेव्हाच संपली असती, आणि खरे सांगायचे तर दुकानातली साडेनऊ फुटीही पुरली नसती, कारण मासा बांधालगतच्या दगडांत शिरू पाहत होता आणि दोरी दगडांवरून उचलून धरायला ही लांबी कामी आली. हे वाक्य आपण फ्रेम करून लावणार हे मला माहीत आहे. तर मासा एकदा डावीकडे गेला, एकदा उजवीकडे, आणि तिसऱ्यांदा सरळ आत. शेवाळाच्या दगडावरून माझा पाय सुटला आणि मी कमरेपर्यंत पाण्यात उतरले. तेवढ्यात मागून कुणीतरी माझे कोपर पकडले. नवे साहेब होते. फेरीला आले होते.

मी म्हटले, “मला सोडा आणि काठी धरा.”

त्यांनी तसे केले. माझ्या शाळेत मुलगे नव्हते, नाहीतर हा मुलगा वर्गात पहिला आला असता. आम्ही दोघांनी मिळून ओढले, बिरप्पाने कल्ल्यात हात घालून मासा बाहेर काढला. उभा धरला तेव्हा बिरप्पाच्या खांद्यापासून घोट्यापर्यंत भरला. त्याचे निम्मे हिप्परग्यात वाटले, निम्मे बिरप्पाच्या घरी गेले. साहेबांनी बुटांतले पाणी ओतले, श्वास घेतला आणि सभ्यपणे आठवण करून दिली की मासा मला ओढून नेईल असे ते म्हणाले होते, आणि त्याने नेले. आपल्याला हे वाचून आनंद होईल म्हणून लिहिले. पासाबद्दल त्यांनी काय ठरवले ते खाली येईलच.

सबब कळवणे एवढेच की, काठी मागवल्याप्रमाणे नाही, घरात मावत नाही, मोडून ठेवता येत नाही, आणि तिच्यामुळे पेठेत माझ्याविषयी नको तितका आदर पसरला आहे. ती आपण आपल्या खर्चाने परत न्यावी. अक्काला प्रेम, मुलांना आशीर्वाद.

आपली मेहुणी,
वच्छला

ता. क. – काठी परत नेण्यासाठी कुणाला धाडू नये. मी देणार नाही.

दुसरा ता. क. – साहेब पास द्यायला तयार आहेत. अट अशी की, ही बाई आपल्या देखरेखीखाली असून तलावावरील तिच्या वर्तनाची हमी आपण घेतो, असे एखाद्या जबाबदार पुरुष नातेवाइकाने स्वतःच्या हाताने लिहून द्यावे. दोनशे मुलींवर मी देखरेख केली, त्यांपैकी एकीच्याही बापाने माझ्याविषयी हमी मागितली नव्हती. हे मी साहेबांना सांगितले. ते म्हणाले, नियम आहे. मी म्हटले, कुणाचा? ते म्हणाले, माझा.

तिसरा ता. क. – बाबा नाहीत, दादा नाही. मी लग्न करणार नाही म्हटले तेव्हा सगळे घर मला बोल लावत होते, आणि एकट्या आपणच विचारले होते की मग काय करणार. आणि उत्तर संपेपर्यंत ऐकूनही घेतलेत. तेव्हापासून माझ्या वर्तनाची हमी मी कुणाला घेऊ दिलेली नाही. आपण घेतली तर चालेल. “देखरेखीखाली” हा शब्द लिहिताना हसू नये, अक्षर हलते आणि साहेबांना ते लगेच कळेल. एकतीस तारखेच्या आत कागद बंगल्यावर पोचायचा आहे, म्हणून आपले लेखी उत्तर सहीनिशी बुधवार, ता. २५ जुलैच्या टपालापूर्वी माझ्या हाती पडलेच पाहिजे.