बोळ उघडा ठेवण्याबाबत

मी, खाली सही करणारा, रस्त्याच्या कडेचे दगड बसवणारा, शिक्षण चौथीपर्यंत, आज पूर्ण शुद्धीत, न पिता, कोणी हात न धरता हे मृत्युपत्र लिहितो. तरण्या पोराला कसली घाई, असं दादा म्हणेलच. उत्तर खाली आहे.

एक. बँकेत असेल ते आईचं. हातोडा, ओळंबा, दोरी आमच्या कामावरच्या रोलरवाल्याला. मोटारसायकल दादाला. तिचा ब्रेक लागत नाही हे आताच सांगतो, नाहीतर म्हणेल मुद्दाम दिली.

दोन. वाटणीत घरातला बोळ माझ्याकडे आला. दादा हसला होता, ‘तुला वारा मिळाला.’ मागची गल्ली आणि बाजार या बोळाने जोडलेत. दारांना कडी नाही. जाणारा ‘येतोय हो’ म्हणतो, घरातून ‘या’ म्हणतात, की तो आमच्या शेगडीजवळून सायकल काढतो. शहर वाढलं, मागे कॉलन्या झाल्या, प्रत्येकीने भिंत घातली. आता बोळ सोडला तर हायवेवरून वळसा. भिंतींमुळे येणारी माणसं कमी झाली, तरी माझ्याशी फोनवर बोलताना आई मध्येच ‘या’ म्हणते.

‘कोण आलं गं?’

‘कोणी नाही.’

दादाला बोळ बिल्डरला द्यायचाय. म्हणतो, ‘तिकडे बंद रस्ते बांधतोस अन् मला शहाणपण शिकवतोस?’ बांधतो, खरंय. म्हणूनच लिहितोय.

तीन. लंबू माझा जोडीदार. काम करताना चराची माती त्याच्या अंगावर आली. आम्ही त्याला बाहेर काढलं तेव्हा बोलत होता. अ‍ॅम्ब्युलन्स आली ती भिंतीपलीकडच्या कॉलनीत. ड्रायव्हर ओरडला, ‘तिकडे यायचं कुठून?’ कुठूनच नव्हतं. ती वळसा घालायला गेली, भोंगा लांब लांब जात राहिला. लंबूने विचारलं, ‘परत का चालली रे?’

तेव्हापासून शेवटचा दगड बसवून रस्ता बंद केला की मला पलीकडे भोंगा ऐकू येतो. बाकीचे म्हणतात, काही नाही. रोलरवाला मात्र इंजिन बंद करून कान देतो आणि माझ्याकडे बघत नाही.

चार. म्हणून बोळ विकू नये, दार लावू नये. आई आहे तोवर तिचा, मग दादाचा, पण उघडा. दादाने बंद केला, तर त्या दिवसापासून बोळ मागच्या गल्लीतल्या सगळ्यांचा. दादा, राग धरू नकोस. ताई त्याच गल्लीत राहते, तिचे दिवस भरत आलेत आणि दवाखाना बाजाराच्या अंगाला आहे. बोळातून खाट तिरकी न करता निघते, बाबांच्या वेळी आपणच काढली होती.

साक्षीदार पहिला: रोलरवाला. अंगठा.

साक्षीदार दुसरा: पलीकडच्या कॉलनीचा वॉचमन. ड्यूटी सोडून त्याला वळसा घालता येईना, म्हणून तो ड्रमवर चढला, मी इकडे खडीच्या ढिगावर. मला सही करताना त्याने बघितलं, मग कागद भिंतीवरून घेऊन स्वतःची केली. परत देताना म्हणाला, ‘उद्या पण चढ रे इथं. इकडे बोलायला कोणी नसतं.’

सही: माझी, वर सांगितल्याप्रमाणे.

ठिकाण: नव्या वस्तीचं टोक. रस्त्याला अजून नाव नाही.

तारीख: नऊ फेब्रुवारी.